स्की खांद्यावर घेऊन बर्फाचा चढ: ओझं किती आणि ते न्यायचं कसं?

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढला आहे. बोलण्यातले काही 'म्हणजे' आणि 'आता बघा' गाळले आहेत, बाकी जसं बोललो तसं.)

अमळनेरहून बोलतोय. बाहेर कडक ऊन आहे, माइकमध्ये आवाज येतो म्हणून पंखा बंद केलाय, घामाच्या धारा लागल्यात, आणि आजचा विषय आहे बर्फ. हसू नका.

झालं असं, की चोपड्याच्या एका ताईंचा व्हॉट्सअॅपवर आवाजी निरोप आला. म्हणाल्या, "दादा, तुम्ही मागे एका भागात औलीला स्कीइंग शिकायला गेलो होतो असं बोलला होतात. माझी लेक जानेवारीत चौदा दिवसांच्या कोर्सला जायचं म्हणते. मी तिचे व्हिडिओ बघितले. पोरं खांद्यावर त्या लांब फळ्या घेऊन बर्फात चढताहेत. माझी पोर पन्नास किलोची. तिला हे झेपेल का? की सरळ नको म्हणून सांगू?"

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. पण त्या वाक्यावर तुमचा विश्वास बसायला हवा, म्हणून आज सगळं नीट उलगडून सांगतो. शिवाय याच बाबतीत मी एक मोठी चूक केली होती, तीही सांगायची आहे.

आधी एक शंका. स्कीइंग म्हणजे वरून खाली घसरत यायचं, मग चढायचं कशाला? औलीला लिफ्ट आहे, गुलमर्गला गोंडोला आहे, हे खरं. पण जोराचा वारा सुटला की लिफ्ट थांबते. औलीला जोशीमठहून वर जाणारा जवळपास चार किलोमीटरचा रोपवे आहे; जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचून घरांना तडे गेले, तेव्हा तो बंद करावा लागला. शिवाय नवशिक्यांचा बराचसा सराव छोट्या उतारावर होतो. तिथे एकदा खाली आलात की पुन्हा आपल्या पायांनी वर. गुलमर्गला गोंडोला साधारण ३९५० मीटरपर्यंत नेऊन सोडतो, पण अफरवतच्या धारेवर जायचं तर तिथून पुढे स्की घेऊन चालावंच लागतं. थोडक्यात, स्की ही वस्तू जितका वेळ आपल्याला वाहून नेते, तितकाच वेळ, कधी कधी जास्तच, आपण तिला वाहून नेतो.

वजन खरंच किती?

कोर्सला भाड्याने मिळणारी स्कीची जोडी, बूट अडकवायच्या बाइंडिंगसकट, धरा पाच ते सहा किलो. बुटांची जोडी साडेतीन ते चार किलो. काठ्या अगदी हलक्या.

आता शाळेतलं गणित करू. सहा किलो वजन १०० मीटर उंच न्यायचं. १०० मीटर म्हणजे तीस मजली इमारत. त्याला ऊर्जा लागते सुमारे ५९०० ज्यूल, म्हणजे साधारण १.४ किलोकॅलरी. आपलं शरीर काही शंभर टक्के कार्यक्षम इंजिन नाही. खाल्लेल्या अन्नातला जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून चारने गुणा. आले साडेपाच-सहा किलोकॅलरी.

एका साध्या ग्लुकोज बिस्किटात अठरा-वीस किलोकॅलरी असतात. म्हणजे ती स्कीची जोडी तीस मजले चढवायला बिस्किटाचा एक तृतीयांश तुकडा पुरतो! आणि त्याच चढाला तिचं स्वतःचं पन्नास किलोचं शरीर वर न्यायला पन्नासच्या आसपास किलोकॅलरी जातात.

मग प्रश्न पडतो, की एवढंसं ओझं असताना औलीच्या पहिल्या दिवशी माझी जीभ बाहेर का आली होती?

दम कुठे जातो?

पहिलं कारण हवा. आपलं अमळनेर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास. औलीचे उतार अडीच ते तीन हजार मीटरवर. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के उरतो, म्हणजे दर श्वासात प्राणवायूही तितकाच कमी. दोन-तीन दिवसांत शरीर थोडं सावरतं, पण पहिल्या दिवशी घाई करणारा हमखास बसतो.

दुसरं कारण बूट. हे मला तिथे कळलं नव्हतं, नंतर वाचून कळलं. अमेरिकन लष्कराच्या संशोधकांनी १९६९ मध्ये माणसांना सपाटीवर चालवून मोजलं, की तेच वजन डोक्यावर, हातात आणि पायात असेल तर किती जास्त मेहनत पडते. पायातलं एक किलो हे अंगावरच्या चार ते सहा किलोंइतकं महाग पडतं असं निघालं. साहजिक आहे, पाय दर पावलाला उचलायचा, पुढे फेकायचा, थांबवायचा. म्हणजे खांद्यावरच्या सहा किलोंकडे आपण बघत बसतो, आणि खरा खर्च पायातले चार किलो करत असतात. म्हणून मुक्कामापासून उतारापर्यंत चांगला रस्ता असेल, तर साध्या बुटांत चाला आणि स्कीचे बूट सॅकमध्ये टाका. ओझं तेवढंच, पण दमणूक बरीच कमी.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. ओझं हलणं.

कावड आणि बैलगाडी

इथे आपल्याकडचं उदाहरण घेतो. कोजागरीला सप्तशृंगगडावर कावडी येतात, नद्यांचं पाणी घेऊन. खानदेशातून चालत जाणारे कावडकरी तुम्ही रस्त्याला पाहिले असतील. कावडीचा बांबू लवचिक असतो आणि तो चालण्याच्या तालावर खालीवर होतो. मुरलेला कावडकरी त्या तालात पाऊल टाकतो. अशा लवचिक दांड्यांवर १९९१ मध्ये एक अभ्यास झाला. त्यात दिसलं की दांडीमुळे एकूण मेहनत काही वाचत नाही, पण खांद्याला बसणारे हिसके कमी होतात. हिसके कमी म्हणून खांदा टिकतो, आणि खांदा टिकला म्हणून माणूस दिवसभर चालतो.

पण हे जमतं सपाट रस्त्यावर, एका लयीत चालताना. बर्फाच्या चढावर लय कुठली? एक पाऊल, थांबा, श्वास, दुसरं पाऊल. तिथे खांद्यावर काही झुलत असेल तर ते तुमच्या पावलाशी जुळत नाही, भांडतं. ते डावीकडे गेलं की तुम्ही उजवीकडे रेलता, ते मागे गेलं की पोट आवळून पुढे वाकता. हे सगळं वजनाच्या हिशोबात कुठेच दिसत नाही, पण दम यातच जातो.

दुसरं उदाहरण बैलगाडीचं. गाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलार होते. धुरा वर उचलतो, बैलांच्या मानेला जोखड टेकत नाही, आणि चढावर तर गाडी मागेच बसायला बघते. वजन तेवढंच असतं, जागा चुकलेली असते. पाठीवर स्की बांधलेला माणूसही तसाच उलार होतो. म्हणून नियम हाच: ओझं अंगाला चिकटून, दोन्ही बाजूंना सारखं, आणि घट्ट. जे हलत नाही ते निम्मं हलकं वाटतं.

न्यायच्या तीन पद्धती

एक, खांद्यावर. थोड्या अंतरासाठी. दोन्ही स्कीचे तळ एकमेकांना लावायचे. बाइंडिंगला खाली दोन दांड्यांचे ब्रेक असतात, ते एकमेकांत अडकतात आणि जोडी सरकत नाही. टोकं पुढे, शेपटं मागे. बाइंडिंगचा पुढचा भाग खांद्याच्या किंचित मागे येऊ द्या आणि पुढच्या भागावर हात ठेवून हलकं दाबा, म्हणजे शेपटं वर राहतात. दुसऱ्या हातात दोन्ही काठ्या. आणि एक गोष्ट अजिबात विसरू नका: कुणी मागून हाक मारली तर गर्रकन वळायचं नाही. खांद्यामागे मीटरभर स्की असते. तुम्ही काटकोनात वळलात की तिचं टोक दीड मीटरचा फेरा घेतं, आणि ते नेमकं मागच्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. आधी थांबा, मागे बोला, मग सावकाश वळा.

दोन, सॅकच्या दोन्ही बाजूंना. लांबच्या चढासाठी ही सगळ्यात चांगली. एक स्की डाव्या बाजूच्या पट्ट्यांत, एक उजव्या. वरची टोकं एका पट्ट्याने एकत्र बांधायची. मागून बघितलं तर उतरत्या छपरासारखा आकार दिसतो. वजन दोन्हीकडे सारखं, हात मोकळे. काळजी एवढीच, की शेपटं फार खाली लोंबू द्यायची नाहीत, नाहीतर दर पावलाला पोटरीला ठोसा बसतो. आणि देवदाराच्या फांदीखालून जाताना आपली उंची दोन हात वाढली आहे हे लक्षात ठेवायचं.

तीन, सॅकवर तिरपी. दोन्ही स्की एकत्र, शेपटं सॅकच्या खालच्या वळशात, टोकं विरुद्ध खांद्याकडे बांधलेली. एका बाजूला थोडं जड वाटतं, पण बांधायला आणि सोडायला झटपट. शर्यतीत हीच चालते. फेब्रुवारी २०२६ च्या इटलीतल्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्की माउंटेनिअरिंग हा खेळ पहिल्यांदा आला. त्याच्या स्प्रिंट प्रकारात खेळाडू आधी स्कीवर चढतात, मग मध्येच स्की काढून सॅकला अडकवतात आणि पायऱ्या चढत पळतात. म्हणजे ताई, तुम्ही ज्या ओझ्याला घाबरलात, ते आता ऑलिम्पिकच्या शर्यतीचा भाग आहे. अर्थात त्यांची जोडी बाइंडिंगसकट दीड किलोच्या आसपास असते, आपल्या भाड्याच्या जोडीसारखी नाही.

कुठलीही पद्धत घ्या, बांधून झालं की जागच्या जागी दोन उड्या मारा. काही खडखडलं तर पट्टे पुन्हा आवळा. अर्ध्या चढावर आवळू म्हणाल तर तिथे हातमोजे काढावे लागतात, बोटं बधिर होतात, आणि ते राहूनच जातं.

पाऊल कसं टाकायचं?

स्कीच्या बुटाचा तळवा वाकत नाही. त्यामुळे आपण साल्हेर चढताना टाकतो तसं पाऊल इथे चालत नाही. आधी बुटाचे वरचे बकल सैल करा, घोटा थोडा हलला पाहिजे. मग गुडघ्यापासून पाय झुलवून बुटाचं टोक बर्फात मारा. एक-दोन ठोसे, खाच तयार. खाच आडवी किंवा किंचित आत उतरती हवी. त्यात पाय ठेवा, वजन टाका, क्षणभर थांबा, मग दुसरा.

पुढच्याने केलेल्या खाचेतच मागच्याने पाय ठेवायचा, ती मोडायची नाही. पुढच्याचं काम सगळ्यात कष्टाचं, म्हणून आळीपाळीने पुढे व्हायचं. आणि खाचांमधलं अंतर गटातल्या सगळ्यात बुटक्या माणसाच्या पावलाएवढं ठेवायचं. आमच्या गटात एक सहा फुटी गडी पुढे होता. तो आपल्या मापाने पायऱ्या खोदत गेला, आणि मागच्या मुलींनी प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये आपली एक नवी खोदली. म्हणजे त्याची मेहनत वाया आणि त्यांची दुप्पट.

वेग किती? शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य बोलता यावं, इतकाच. बोलणं तुटायला लागलं की हळू व्हा. आणि चढायच्या आधीच जाड जाकीट काढून ठेवा. निघताना थोडी थंडी वाजली तरी चालेल. चढताना घाम आला आणि वर जाऊन वाऱ्यात थांबलात, तर तोच ओला कपडा अंग गारठवतो. आपल्याला घामाची सवय खानदेशातली, तो वाळतो. तिथे तो गोठतो.

कधी उचलूच नये?

बर्फ भुसभुशीत असेल तर स्की पाठीवर घेणं म्हणजे नाव डोक्यावर घेऊन नदी पार करणं. बुटाचा तळवा लहान. स्कीचा पृष्ठभाग त्याच्या साधारण पाचपट. म्हणून नुसत्या बुटावर तुम्ही मांडीपर्यंत रुतता आणि स्कीवर वरच्या वर राहता.

अशा वेळी स्कीच्या तळाला 'स्किन' नावाची पट्टी चिकटवतात. पूर्वी ही सीलच्या कातड्याची असे, आता नायलॉनची किंवा मोहेर लोकरीची असते. तिची लव एकाच दिशेला झुकलेली. स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. मांजरीच्या पाठीवरून हात फिरवून बघा, एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला की अडतो. त्यासाठी टाच मोकळी राहील असं वेगळं बाइंडिंग लागतं, ते नवशिक्यांच्या कोर्सच्या साध्या स्कीला नसतं. पण कळलं पाहिजे, की जिथे सरकवता येतं तिथे उचलायचं नाही. बर्फ कडक झाला, चढ उभा झाला किंवा वाट अरुंद झाली, की मग पाठीवर घ्यायची.

माझी चूक

आता ती गोष्ट. चौथ्या दिवशी वाऱ्यामुळे लिफ्ट बंद होती, आम्ही चालत चढत होतो. खांद्यावरच्या स्कीचे ब्रेक माझ्या मानेला टोचत होते. मी मोठ्या हुशारीने ते रबराने वर बांधून टाकले. अर्ध्यावर दम लागला. स्की बर्फावर ठेवल्या, तळ खाली, टोकं उताराकडे, आणि बाटली काढायला वळलो.

ब्रेक असतात ते बुटातून सुटलेली स्की बर्फात रुतून थांबावी म्हणून. मी नेमके तेच बांधून ठेवले होते. एक स्की निघाली. आधी हळूच, मग बाणासारखी. खाली आठ-दहा वर्षांचा एक मुलगा पाठमोरा बसला होता. मी ओरडलो, पण वाऱ्यात काय ऐकू जाणार? स्की त्याच्यापासून दोन हातांवरून गेली आणि खालच्या मऊ बर्फात घुसली. त्याला कळलंसुद्धा नाही.

आमचे शिकवणारे सर रागावले नाहीत. त्यांनी माझी दुसरी स्की घेतली, उलटी केली, बाइंडिंग बर्फात दाबलं आणि उताराला आडवी ठेवून दाखवली. मग शेपटं बर्फात खोल खुपसून उभी करून दाखवली. या दोनच रीती. तिसरी नाही. त्यानंतर मी खाली जाऊन स्की आणली आणि तोच चढ पुन्हा चढलो. त्या दिवशी ओझं जड लागलं, आणि त्याचं कारण बिस्किटाच्या हिशोबात बसणारं नव्हतं.

म्हणून ताई, मुलीला झेपेल का ही काळजी करू नका. ती थांबल्यावर स्की कुठे ठेवते, याची चौकशी नक्की करा.

अजून दोन धोके पटकन सांगतो. धारेवर वारा असेल तर पाठीवरच्या उभ्या स्की शिडासारख्या भरतात आणि माणसाला ढकलतात. तिथे खाली वाका, किंवा स्की उतरवून हातात घ्या. दुसरा धोका हिमस्खलनाचा. ३० ते ४५ अंशांचे उतार यात सगळ्यात वाईट, आणि चालत चढायचे उतार बरेचदा याच कोनातले असतात. १ फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गच्या अफरवत परिसरात हिमस्खलनात दोन परदेशी स्कीअर गेले. कोर्सच्या आखलेल्या उतारावर ही भीती फारशी नाही. पण आखलेल्या हद्दीबाहेर जाणाऱ्याकडे शोधयंत्र, फावडं आणि लांब काठी हवी, सोबत जाणकार हवा, आणि सॅकवर स्की अशा बांधायच्या की फावडं काढायला त्या सोडाव्या लागू नयेत. नवशिक्याने हद्दीबाहेर जायचंच नाही, विषय संपला.

तर ताई, उत्तर

नको म्हणू नका. जाऊ द्या तिला. पण आतापासून दोन महिने तयारी करून घ्या. सॅकमध्ये सहा किलो भरा, पाण्याच्या बाटल्या चालतील, आणि आठवड्यातून चार दिवस जिना चढ-उतार. जमलं तर एखाद्या रविवारी गडावर जा, त्या सुमारे ५०० पायऱ्या सॅक घेऊन, न थांबता, बोलत बोलत चढता आल्या की निम्मं काम झालं. सॅकच्या दोन्ही बाजूंना साडेपाच फुटी दोन बांबू बांधून चालायचा सरावही करू दे. मी बोरीच्या काठाने असाच फिरायचो. लोक विचारायचे, "कथा चालना भो, बांबू लिसन?" मी म्हणायचो, बर्फात. त्यांना वाटायचं उन्हाने डोकं फिरलं.

आणि निघायच्या आदल्या दिवशी तिला एकच विचारा: "थांबलीस की स्की कशी ठेवशील?" 'उलटी आणि आडवी, नाहीतर खुपसून उभी' असं उत्तर आलं की बिनधास्त गाडीत बसवा.

चला, आता पंखा लावतो. पुढच्या भागात भेटू. तुमचे प्रश्न असेच पाठवत राहा, उन्हातले असोत की बर्फातले.